दोंद आणि दिल

दोंदाला आपण कधी फारसं वाईट म्हटलं नाही. 'खात्यापित्या घरचा दिसतो' हे कौतुकच, आणि लंबोदराला तर आपण घरी आणून मोदक भरवतो. त्यामुळे हूक लागेनासं झालं की माणूस पोट कमी करत नाही, पँट दोन बोटं खाली सरकवतो. साइज चौतीसचा चौतीसच राहतो आणि पोट त्याच्यावरून पुढे येतं. पँटचा साइज म्हणजे पोटाचा घेर नव्हे.

घेर मोजायची जागा वेगळी. कुशीत सर्वांत खालची बरगडी चाचपायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप आडवी धरायची. पाठीमागे ती हमखास घसरते, म्हणून आरशात बघावं. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. सहज सोडलेल्या श्वासाच्या शेवटी आकडा वाचायचा. पोट आत ओढून मोजलं तर फसतं कोण, हे सांगायला नको. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८०, ही मर्यादा धरतात. युरोपातल्या पुरुषांना ९४ ची मुभा आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा त्याहून सोपा हिशेब.

हा चार सेंटीमीटरचा दुजाभाव का, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून दाखवलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. हातपाय काटकुळे आणि पुढे नगारा, ही आपली घडण काट्यावर अगदी 'नॉर्मल' येते.

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती दिसायला वाईट, पण त्या मानाने गरीब स्वभावाची. खरी भानगड आत, आतड्यांच्या आजूबाजूला आणि त्यांच्यापुढे लोंबणाऱ्या ओमेंटममध्ये. गर्भात ही चरबी ज्या पेशीथरातून घडते, त्याच थरातून हृदयाला लगटलेली चरबीही घडते. म्हणून पोटातली वाढली की बहुधा हृदयावरचीही वाढलेली सापडते. बीएमआयपेक्षा पोटातल्या चरबीशी तिचा मेळ जास्त बसतो.

हृदयावर चरबी असणं हाच आजार, असं मात्र नाही. मटणाच्या दुकानातून बोकडाचं दिल आणणाऱ्याने खाचांमधून धमन्यांसोबत जाणारे पांढरट पट्टे पाहिलेलेच असतात. माणसाचंही तसंच. ही एपिकार्डियल चरबी हृदयाला मेदाम्लांचं इंधन पुरवते, धमन्यांना धक्क्यांपासून सांभाळते. पण तिच्या आणि हृदयाच्या स्नायूच्या मध्ये पडदाच नाही, आणि दोघांना रक्त येतं ते त्याच कोरोनरी धमन्यांतून. ती फुगली की तिच्यातून ॲडिपोनेक्टिनसारखी उपकारक द्रव्यं कमी पाझरू लागतात, दाह वाढवणारी जास्त. आणि ती थेट शेजारच्या धमनीपर्यंत पोचतात. धमन्यांतला अडथळा आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचं बेताल थरथरणं, या दोन्हींशी या जाड थराचा संबंध आढळला आहे. हृदयाच्या आवरणाबाहेरही चरबी असते. तिचं मूळ वेगळं, रक्तपुरवठा वेगळा. रिपोर्ट वाचताना या दोघींची गल्लत होते.

हृदयावरची ही चरबी साध्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसते. उजव्या खालच्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीवर, हृदय पूर्ण आकुंचन पावलेलं असताना, थराची जाडी काटकोनात मोजतात. ५ मिलिमीटरच्या वर गेली की जाड समजायची पद्धत आहे, पण सगळ्यांना मान्य अशी एकच रेघ नाही. नेहमीच्या रिपोर्टात हा आकडा बहुतेक वेळा नसतोच. कधी उलटाच घोटाळा होतो: पुढची ही काळसर पट्टी हृदयाभोवती साचलेलं पाणी समजली जाते. चरबी जरा दाणेदार दिसते आणि हृदयाबरोबर हलते, यावरून जाणकार ओळखतो. नुसता घेर वाढला म्हणून एमआरआय काढायला धावण्यात मात्र अर्थ नाही; टेप पुरते.

पोटाचे व्यायाम केले की पोटावरचीच चरबी झडते, हा समज काही जाता जात नाही. त्याने स्नायू घट्ट होतात, चरबी अंगभरातून तिच्या मर्जीने जाते. कोपनहेगनमध्ये पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला. दमसासाच्या व्यायामाने हृदयावरची चरबी ३२ टक्के घटली, वजनं उचलून २४ टक्के. आवरणाबाहेरची चरबी मात्र फक्त वजनं उचलणाऱ्यांची हलली. म्हणजे सकाळी भराभर चालणाऱ्याने आठवड्यातून दोन दिवस डंबेल्सही हातात घ्यावीत. स्नायू वाढत असताना काटा जागचा हलत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच कंटाळून सोडतात. त्या आठवड्यांत काट्याकडे बघूच नये. महिन्यातून एकदा, सकाळी नाश्त्याआधी, त्याच जागी टेप लावावी.