सर जॉन जॉन्सनचे दोन वाडे: जॉन्सटाउन ते विल्यम्सटाउन

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या खुणा पाहायला आपली मंडळी बॉस्टन, फिलाडेल्फियाला जातात, म्हणजे जिंकलेल्यांच्या घरी. हरलेल्यांचं घर बघायचं तर न्यूयॉर्क राज्यातलं जॉन्सटाउन गाठा. ऑल्बनीहून गाडीने तासाभराची वाट आहे. तिथून कॅनडातल्या विल्यम्सटाउनपर्यंत गेलात तर इंग्रज राजाच्या बाजूने लढलेल्या सर जॉन जॉन्सन या जमीनदाराचं अख्खं आयुष्य रस्त्यावर भेटतं. क्रम मात्र हाच ठेवा: आधी गमावलेला वाडा, मग मिळवलेला.

जॉन्सन हॉल १७६३ चा, लाकडी. फळ्या अशा कापल्या आहेत की लांबून दगडी चिरेच वाटतात. तो बांधला जॉनच्या वडिलांनी, सर विल्यम यांनी. मोहॉक आणि शेजारच्या मूळनिवासी राष्ट्रांशी इंग्रज राजाच्या वतीने व्यवहार सांभाळणारा हा बडा अधिकारी. जुलै १७७४ मध्ये ते इथेच वारले आणि सुमारे २ लाख एकर जमीन व ती कसणारी कुळं जॉनच्या पदरात आली. जॉन राजनिष्ठ राहिला. मे १७७६ मध्ये त्याला धरायला बंडखोर अमेरिकनांची फौज निघाली, तेव्हा सुमारे १७० कुळांना घेऊन तो अ‍ॅडिरॉन्डॅकच्या जंगलात शिरला. कॅनडात पोचायला १९ दिवस लागले. रसद संपल्यावर कंदमुळं आणि झाडांची पानं खाऊन माणसं चालत राहिली.

त्याची गरोदर बायको पॉली मात्र मागेच राहिली. तिला ओलीस म्हणून ऑल्बनीला नेलं. पुढे ती भर थंडीत न्यूयॉर्क शहरात इंग्रजांच्या बाजूला पोचली, पण तान्हं मूल वाचलं नाही. जॉनच्या पलायनाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. मला पॉलीचा प्रवास त्याहून कठीण वाटतो.

आत गाइडबरोबर फिरा आणि दोन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली मॉली ब्रांटबद्दल. सर विल्यमच्या उत्तरायुष्यात घर चालवणारी, त्यांच्या आठ मुलांची आई असलेली ही मोहॉक बाई. ऑगस्ट १७७७ मध्ये शत्रूची फौज येतेय ही खबर तिनेच धाडली आणि ओरिस्कनीच्या लढाईत राजनिष्ठांना दबा धरता आला. दुसरा प्रश्न या वाड्यात राबणाऱ्या गुलामांबद्दल. मालकाची चांदी त्यांच्यातल्याच एकाने पुरून जपली आणि १७८० मध्ये कॅनडातून या भागावर केलेल्या स्वारीत जॉनने ती सैनिकांच्या पाठपिशव्यांतून नेली, असं सांगतात. त्याच स्वारीत त्याने आपल्या जुन्या शेजाऱ्यांची घरंदारं जाळली. हेही विसरू नये.

जिन्याच्या कठड्यावर कुऱ्हाडीचे घाव आहेत, तिथे थांबा. मॉलीचा भाऊ, मोहॉक पुढारी जोसेफ ब्रांट याने आपल्या लोकांनी वाडा जाळू नये अशी खूण म्हणून ते घातले, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं कोण सांगणार, पण घाव खोल आहेत.

वाडा साधारण मे ते ऑक्टोबर उघडा असतो. वार आणि वेळा आधी बघून घ्या. इथून रूट ३० ने उत्तरेला निघा. रस्ता त्याच अ‍ॅडिरॉन्डॅकमधून जातो. पेट्रोल भरून घ्या, कारण मध्ये मोबाइलची रेंज जाते. नकाशा आधीच डाउनलोड करा. मे-जूनमध्ये काळ्या माशा हैराण करतात, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. शाकाहारी असाल तर डबा बरोबर घ्या, पण ताजी फळं-भाज्या सीमेआधी संपवा.

मलोनवरून मसीनाजवळच्या पुलाकडे या. पूल ओलांडला की लागणारं कॉर्नवॉल बेट अक्वेसास्ने या मोहॉकांच्या प्रदेशाचा भाग आहे. बेटावर कुठेही न थांबता आधी पलीकडच्या कॅनडाच्या तपासणी नाक्यावर नोंद करा. हा नियम कडक आहे. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेत परतायचे कागद जवळ हवेत. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण पासपोर्टही दाखवावा लागतो.

पलीकडच्या कॉर्नवॉल शहराचं पहिलं नाव न्यू जॉन्सटाउन. १७८४ मध्ये जॉनने कॅनडात उभारलेली राजनिष्ठांची पलटण आणि तिची बायकापोरं इथे वसली. वीसेक किलोमीटरवर, रेझिन नदीकाठी विल्यम्सटाउन आहे, नाव वडिलांचं. इथला मॅनर हाउस, म्हणजे जमीनदाराचा वाडा, जॉनचा, पण राहणं बहुतेक मॉन्ट्रिऑललाच. नव्या अप्पर कॅनडाचं (आजचं ऑन्टॅरिओ) राज्यपालपद आपल्यालाच मिळेल अशी त्याला आशा होती. ते जॉन सिम्को या इंग्रज अधिकाऱ्याला गेलं. जॉन लोअर कॅनडाच्या (आजचं क्वेबेक) लेजिस्लेटिव्ह कौन्सिलवर, म्हणजे विधान परिषदेवर, बसला. मोहॉकांची जॉन्सटाउनकडच्या खोऱ्यातली जमीन मात्र युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहात त्यांचं नावही न घेता अमेरिकेला देऊन टाकली होती. कॉर्नवॉल बेटावरून येताना हे माहीत असेल तर हा साधासा वाडा वेगळा दिसतो.

मॅनर हाउस रोज उघडं नसतं, आधी चौकशी करा. गावातलं राजनिष्ठांचं संग्रहालय १८६२ च्या शाळेच्या इमारतीत आहे. उन्हाळ्यात जा आणि त्यालाच जास्त वेळ द्या.

जवळच बेथ्यून-थॉम्पसन हाउस आहे, ते बाहेरून पाहा. ते घर पाद्री जॉन बेथ्यूनचं, तोही राजनिष्ठ पलटणीचा. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना १९३९ मध्ये वारलेले डॉ. नॉर्मन बेथ्यून याच घराण्यातले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक होते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट इथेच सांगा. मॉन्ट्रिऑल इथून तासाभरावर आहे. मुक्काम तिथेच करावा.