जुनं शिलाई मशीन ऑनलाइन घेताना: ‘चालू आहे’ एवढ्यावर जाऊ नका

जुनं सिंगर ६६ घ्यायचं ठरल्यावर मॉडेल निवडणं, भाव ठरवणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते एका फोटोवर. जाहिरातीत मशीन पुसून चकचकीत केलेलं, सोनेरी नक्षी अगदी जवळून दाखवलेली. पण सुईशेजारची सरकती पट्टी उघडून आतली बॉबीन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ (बॉबीन) बसते ती डबी, दाखवा म्हटलं, की विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: ‘मशीन चालू आहे, काळजी नको.’

पुन्हा मागितलं, तर सुई वर-खाली होतानाचा व्हिडिओ आला. ना दोरा, ना कापड. मला त्याचा अजून राग येतो. सुई हलली म्हणजे मशीन शिवतं असं नाही! ६६ मध्ये बॉबीन पट्टीखाली आडवी बसते. केस हरवलेली असली तरी सुई छान चालते, टीप मात्र एकही पडत नाही. शेवटी मी स्पष्टच लिहिलं: पट्टी उघडून फोटो काढा आणि दुपदरी सुती कापडावरची टीप वरून-खालून दाखवा, नाहीतर राहू द्या. त्यावर बरेच दिवस शुकशुकाट.

मग फोटो आले. केस जागेवर होती, भोवती दोऱ्याचा भुसा दाटलेला. टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झोळ लोंबत होते. ते बघून मला हायसं वाटलं, कारण खाली झोळ येतात ते बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसल्याने किंवा वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, ढिलं असल्याने. ते घरी सुधारता येतं.

पाठवण्याआधी डोकं, म्हणजे खुद्द मशीन, त्याच्या पेटीतून सोडवून वेगळं बांधायला लावा. बिडाचं हे डोकं दहा किलोंहून जड असतं, आत हललं तर पेटीही फोडतं. हो, आणि बेडवर, म्हणजे मशीनच्या सपाट तळावर, उजवीकडे कोरलेला नंबर आधीच मागा. साल त्यावरून काढायचं, जाहिरातीवरून नाही. १५ क्लासची, म्हणजे वेगळ्या मापाची, बॉबीन ६६ ला चालत नाही, तेव्हा ‘सोबत बॉबीन देतो’ म्हणाले तरी कोणती ते बघा. मोटर असेल तर वायरीचाही फोटो हवा. वरचं आवरण तडकलेलं असेल तर प्लग लावायचाच नाही.

आल्यावर तेल घालून चाक आधी हाताने फिरवा. दोरा ओवताना दाबपाय वर हवा, तरच तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतो. मी १५×१ प्रकारची नवी सुई घातली, दोरा पुन्हा ओवला आणि झोळ गेले.