आधीच्याचं पीठ

दळण आणायचं काम आमच्या घरात कुणालाच नको असतं. डबा जड, वाड्याचा जिना अरुंद, आणि स्कूटरवर पायांशी डबा सांभाळत नाना पेठेतल्या गर्दीतून जायचं म्हणजे जीव मुठीत. शिवाय हल्ली मोबाइलवर बोट टेकवलं की चकचकीत पिशवीतलं पीठ दारात येतं, पिशवीवर डुलणाऱ्या ओंब्यांचं चित्रसुद्धा असतं. तरी हे काम मी हट्टाने माझ्याकडे ठेवलंय. कारण विचारलं की "विकतच्या पिठाच्या पोळ्या वातड होतात" असं ठणकावून सांगते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला गिरणीत नुसतं बसायला आवडतं.

बसायला तिथे तेलाचा एक रिकामा डबा असतो, पालथा घातलेला. भिंती, दिव्याची बटणं, गणपतीची तसबीर, कॅलेंडर, सगळ्यांवर पिठाची साय. गिरणीवाल्या मामांच्या भुवया तर कायमच्या पांढऱ्या. मामा धान्य वर ओततात, पट्टा चढवतात आणि चक्की धडधडायला लागली की खाली लोंबणाऱ्या कापडी नळीच्या तोंडाशी हात धरतात. चिमटीत पीठ घ्यायचं, अंगठ्याने तर्जनीवर घासायचं, दगडांमधलं अंतर कमी-जास्त करणारं चाक नखभर फिरवायचं, पुन्हा चिमूट. असं दोनतीनदा होतं. या सगळ्या वेळात ते पिठाकडे बघतसुद्धा नाहीत, रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत असतात. बोटांना कळतं, डोळ्यांचं तिथे काही काम नाही. पोळीचं, भाकरीचं, लाडवाचं, प्रत्येकाचं पीठ वेगळं आणि ते सगळं त्या दोन बोटांत साठवलेलं.

मला ध्यानधारणा जमत नाही. डोळे मिटून पाठ ताठ केली की दोन मिनिटांत किराणा मालाची यादी डोळ्यांसमोर यायला लागते. गिरणीत मात्र मनाला जागेवर आणावं लागत नाही. तो आवाजच इतका भरून येतो की त्यात यादी राहत नाही, चिंता राहत नाही, फोन वाजला तरी ऐकू येत नाही. कोणी बोलायला येत नाही, कारण बोललेलं कळत नाही. गरम पिठाचा तो वास, किंचित भाजल्यासारखा, नाकात भरत जातो. आपला नंबर येईपर्यंत आपण फक्त असतो. याला कोणी अध्यात्म म्हणेल का, ठाऊक नाही. माझी सासू याला "वेळ घालवणं" म्हणायची आणि तिचंही चूक नव्हतं.

दळण म्हटलं की जनाबाई आठवल्याशिवाय राहत नाही. नामदेवांच्या घरची दासी. दळण सरता सरत नाही, मग विठ्ठल स्वतः येऊन जात्याचा खुंटा धरतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. त्यातला चमत्कार एकवेळ बाजूला ठेवा. मला त्यातली एक बारीकशी गोष्ट फार आवडते. देव जनीला दळणातून सोडवत नाही. "ऊठ, आधी देवळात चल" असंही म्हणत नाही. शेला खोचतो आणि समोर बसतो. काम तेवढंच राहतं, फक्त सोबत मिळते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून एक जातं दाखवतात. मूर्तीपुढे वाकावं तसे लोक त्या दगडापुढे वाकतात.

अर्थात जात्याचे गोडवे गायला मी तयार नाही. पहाटे उठून, पोटात मूल असो की अंगात ताप, घरादाराला पुरेल एवढं पीठ काढायचं हे ज्यांच्या नशिबी होतं, त्यांना त्यात देव दिसला असेल तर तो मोठेपणा त्यांचा, जात्याचा नव्हे. गावात विजेची गिरणी आली तेव्हा कित्येकींनी हात जोडले असतील. बरंच झालं. पण खांदे भरून आलेले असताना त्या बायांनी जे गायलं, त्याला तोड नाही. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर मुळशीसारख्या भागातली खेडी पालथी घालून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या! राम-सीता आहेत, विठ्ठल आहे, पाठीराखा भाऊ आहे, सासरचा जाच आहे, बाबासाहेब आहेत. सीतेचा वनवास गाताना ती बाई नेमका कुणाचा वनवास गातेय, हे जात्याच्या पलीकडे बसलेल्या जावेला बरोबर कळत असणार.

आमच्या गिरणीत ओव्या नाहीत. तिथे पाटी आहे : "बाजरीनंतर लगेच गहू दळून मिळणार नाही. वाद घालू नये." पाटी आहे म्हणजे वाद होतो. कारण चक्कीत आधीच्याचं थोडं पीठ नेहमी राहतं. तुमचं दळण सुरू झालं की पहिल्यांदा पडतं ते त्याचं, आणि तुमचं शेवटचं थोडं आत राहून पुढच्याच्या डब्यात जातं. मामा कापडी नळी झटकतात, पत्र्यावर लाकडी ठोकळा आपटतात, तरी चिमूटभर राहतंच. यावरून लोक हळवे होतात. "माझ्या आधी कोण होतं?" हा प्रश्न गिरणीत जितक्या संशयाने विचारला जातो तितका पोलीस चौकीतही विचारला जात नसेल. उपासाच्या भाजणीचा तर प्रश्नच वेगळा. राजगिऱ्यात गव्हाचा कण गेला तर एकादशी मोडली का? मामांचं ठरलेलं उत्तर आहे, "देवाचं मी बघतो, तुमच्या सासूबाईंचं तुम्ही बघा."

मलाही पूर्वी ते आधीच्याचं पीठ नको वाटायचं. आता डबा घरी आणून पहिली कणीक भिजवताना मला उगाच आठवत बसतं, माझ्या आधी कोण होतं. कधी खानावळवाल्या काकू, त्यांचं दळण पोत्याने असतं. कधी डॉक्टरांनी पोळी बंद करून खपली गव्हावर आणलेले निवृत्त गुरुजी. कधी पलीकडच्या गल्लीतल्या आपा, त्यांना पीठ अगदी वस्त्रगाळ लागतं आणि त्या मामांच्या चिमटीवर विश्वास न ठेवता स्वतःची चिमूट घेऊन बघतात. कधी गावाहून शेतातला गहू घेऊन आलेला, परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा मुलगा. या सगळ्यांचं चिमूट चिमूट माझ्या परातीत असतं आणि माझं त्यांच्या. आम्ही एकमेकांच्या घरी पाणीही प्यायलेलो नाही.

आषाढी पौर्णिमेला त्याच गोपाळपुरात काला होतो आणि मग वारकरी परतीच्या वाटेला लागतात. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडायला लावल्या, सगळं एकत्र कालवलं आणि ज्याची त्याला न देता सगळ्यांना सगळ्यांचं दिलं, तो हा काला. जनीचं जातं आणि हा काला एकाच गावात असावा, हे मला फार बरं वाटतं. आमची गिरणी तेच करते, फक्त वीजबिल भरून.

पालख्या पुण्यात येतात तेव्हा हे जास्तच दिसतं. तुकोबांची पालखी आमच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, दोन रात्रींचा मुक्काम. त्याआधी गिरणीत गव्हाचे डबे मागे पडतात आणि ज्वारी-बाजरीची रांग लागते. प्रत्येक घरातून थोडं पीठ जातं, कुठल्यातरी वाड्याच्या चौकात बायका भाकऱ्या बडवायला बसतात, पिठलं रटरटतं. कुणाच्या पिठाची भाकरी कुणाच्या हातची होऊन कुठल्या गावच्या वारकऱ्याच्या पानात पडली, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. एरवी चिमूटभर बाजरीवरून भांडणारे आम्ही त्या दोन दिवसांत "माझ्या आधी कोण होतं" हे विचारत नाही, एवढं मात्र मी बघितलंय.

यंदा पालखीच्या तोंडावर गिरणीत तुफान गर्दी होती. मला राहवलं नाही. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून मी मामांना माझं हे काल्याचं तत्त्वज्ञान ऐकवलं. त्यांनी शांतपणे पट्टा उतरवला, चक्की थांबली, भुवयांवरचं पीठ मनगटाने पुसलं.

"ताई, काल्याचं पटलं मला. पण आधी डब्यावर नाव टाका. मागे एका बाईंचा असाच बिननावाचा डबा कोणीतरी आपला समजून उचलून नेला. त्या बाईंकडे चार दिवस कुणाची तरी नाचणी चाललीये आणि त्या मला रोज येऊन काला शिकवतायत."