पाच सेंटिमीटरचा चौकोन

"ताई, इंटरनेटवर स्वतःचा छोटा धंदा सुरू करायचाय, पण गिऱ्हाईक आणायचं कुठून?"

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्यांमध्ये कुणी नुकतीच नोकरी सोडलेली असते, कुणाच्या हातातलं कसब वर्षानुवर्षं घरच्यांपुरतंच राहिलेलं असतं. मी शिवणकामाचे पॅटर्न विकते. म्हणजे कपडे नाहीत, कपड्यांचं ड्राफ्टिंग. गिऱ्हाईक पीडीएफ फाइल घेतं, घरच्या प्रिंटरवर छापतं, पानं चिकटपट्टीने जोडतं आणि कापडावर ठेवून कापतं. गेली नऊ वर्षं माझं घर यावर चालतंय. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं नीट लिहून काढते. पण सुरुवात गिऱ्हाइकापासून नाही, एका चौकोनापासून करावी लागेल.

माझा पहिला पॅटर्न साध्या पूर्ण बाहीच्या शर्टाचा होता. पहिल्या दोन महिन्यांत अकरा जणांनी घेतला. त्यातल्या एकीचा मेल आला, "मापं तंतोतंत घेतली होती, तरी छातीवर बटणं लागत नाहीत." मी घाबरून सगळं ड्राफ्टिंग पुन्हा तपासलं. मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथली गोलाई परत काढली, माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, मोजली, स्वतः एक शर्ट शिवून पाहिला. तो नीट झाला. मग तिला दिलगिरीचा मेल लिहिला, पैसे परत केले आणि विषय मिटला असं धरून चालले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाचा तसाच मेल आला. या वेळी मी पैसे परत करण्याआधी एक विनंती केली: छापलेल्या पानावरच्या अमुक रेषेला फूटपट्टी लावून फोटो पाठवाल का? फोटो आला. माझी पाच सेंटिमीटरची रेघ त्यांच्या पट्टीवर चार पूर्णांक सात भरत होती.

घोडं तिथे पेंड खात होतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' बऱ्याचदा आपोआप निवडलेलं असतं आणि ते पान गुपचूप आकसून छापतं. पाच सेंटिमीटरला तीन मिलिमीटर कमी म्हणजे कुणाच्या नजरेलाही येत नाही. पण शंभर सेंटिमीटरच्या छातीला तेच सहा सेंटिमीटर होतात. बटणं लागणार कशी?

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या पानावर पाच बाय पाचचा एक चौकोन असतो आणि खाली ठळक ओळ: "आधी हे एकच पान छापा, चौकोन मोजा, बरोबर आला तरच पुढची पानं छापा." चाचणीचा चौकोन पॅटर्नच्या धंद्यात नवा नव्हता, मुरलेले लोक तो आधीपासून देत होते. मला त्याचं कारण त्या फोटोने शिकवलं. पुढे लेटर आकाराचा कागद वापरणाऱ्या देशांमधून तक्रार आली की खालची रेघ कापली जाते. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर साधारण २१६ बाय २७९, म्हणजे रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला बराच कमी. मग मी सगळे जुने पॅटर्न १९० बाय २६० च्या चौकटीत पुन्हा बसवले. तीन आठवडे गेले त्यात, नवी विक्री शून्य. पण नंतर दोन्ही कागदांवर एकच फाइल चालू लागली आणि "छापता येत नाही" हे वाक्य माझ्या मेलमधून जवळजवळ नाहीसं झालं.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारते: पहिल्या दहा गिऱ्हाइकांनी तुम्हाला काय लिहिलं? आणि काही लिहिलं नसेल, तर तुम्ही त्यांना विचारलंत का? नवं गिऱ्हाईक कुठून आणायचं याचं उत्तर मला तरी जुन्या गिऱ्हाइकाच्या पत्रात सापडलं, अगदी शब्दशः. त्या शर्टाला मी नाव दिलं होतं 'रिलॅक्स्ड फिट बेसिक शर्ट'. मेल लिहिणारे लोक मात्र लिहायचे, "माझे खांदे उतरते आहेत, माझ्यासारख्यांना हा बसेल का?" एकदा, दोनदा, सातव्यांदा हे वाचल्यावर मी पानाचं शीर्षकच बदललं: उतरत्या खांद्यांसाठी शर्ट. खाली, खांदा किती उतरता आहे हे घरच्या घरी कसं मोजायचं, ते चित्रांसकट लिहिलं. लोक जे शब्द मला मेलमध्ये लिहीत होते, तेच शब्द ते शोधताना टाइप करत होते. चार-पाच महिन्यांत त्या एका पानावर बाकी सगळ्या पानांपेक्षा जास्त माणसं येऊ लागली. जाहिरातीवर मी एक पैसाही घातला नव्हता.

"पण उतरत्या खांद्यांचे किती लोक असणार?" ही शंका लगेच येते. इंटरनेटचं सगळ्यात मोठं बळ मला इथेच दिसतं. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली लिलावाची एक साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. वस्तू बिघडलेली आहे हे तुम्हाला कळलंय ना, असं ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. एका गल्लीत असा माणूस शोधायला जन्म गेला असता. जगभर विखुरलेली अशी माणसं एका पानावर येऊ शकतात. म्हणून छोट्या धंद्याने आपला माल सगळ्यांना चालेल असा करायला जाऊ नये. सगळ्यांना चालणारा शर्ट मोठ्या कंपन्या माझ्यापेक्षा स्वस्त देतात. उतरत्या खांद्यांचा देत नाहीत.

आता जाहिरातींचं. मी केल्या आहेत, पुढेही करेन, पण आधी साधा हिशोब करा. माझं पान शंभर जणांनी पाहिलं तर दोघं विकत घेतात. म्हणजे एका विक्रीसाठी पन्नास क्लिकचे पैसे मोजावे लागतात. एका पॅटर्नचा नफा पन्नास क्लिकच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर प्रत्येक विक्रीला तोटाच पदरात पडतो, आणि विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढतो. तेच गिऱ्हाईक पुढे आणखी तीन पॅटर्न घेणार असेल तर गणित बदलतं. पण ते घेणार की नाही, हे पहिल्या महिन्यात कळत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा हिशोब गळतीचा आहे. मधे मी 'दर महिन्याला एक नवा पॅटर्न' अशी वर्गणी सुरू केली. दर महिन्याला पाच टक्के लोक सोडून जायचे. पाच म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं. पण दर महिन्याला पाच टक्के गळती म्हणजे आज असलेल्या शंभरांपैकी वर्षाअखेरीस चौपन्नच उरतात. आणि महिन्याला दहा नवे येत असतील, तर एकूण आकडा दोनशेच्या पुढे कधीच सरकत नाही, कारण दोनशेचे पाच टक्के म्हणजे दहा. जितके येतात तितकेच जातात. मी वर्षभर नवे लोक आणायच्या मागे धावत होते आणि आकडा हलत नव्हता. शेवटी सोडून जाणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायला लागले: का सोडलंत? बहुतेकांचं उत्तर एकच होतं, "मागच्या महिन्याचाच शिवून झाला नाही, नवा कशाला?" माणसांना महिन्याला कपडा शिवायला वेळ नव्हता. मी दोन महिन्यांतून एकच पॅटर्न द्यायला लागले, मधल्या महिन्यात तोच शिवताना अडणाऱ्यांच्या शंका सोडवायला लागले. गळती दोन टक्क्यांवर आली. त्याच दहा नव्या माणसांत आता वर्गणीदारांचा आकडा पाचशेपर्यंत जाऊ शकतो.

एक ठेच सांगायलाच हवी. सुरुवातीची तीन वर्षं माझी जवळजवळ सगळी विक्री एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून होत होती. एका सकाळी त्यांनी शोधाचे निकाल लावण्याची पद्धत बदलली आणि आठवड्याभरात माझ्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. पायाखालची वाळू सरकली. माझ्याकडे हजारो पॅटर्न घेतलेल्या माणसांपैकी एकाचाही थेट पत्ता नव्हता, सगळे त्या बाजारपेठेचे होते. हे फक्त बाजारपेठांवरच होतं असंही नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपली शोधपद्धत बदलली, पांडा म्हणून तो बदल ओळखला जातो, आणि शोधावरच जगणाऱ्या कितीतरी साइट्सवरची वर्दळ एकदम ओसरली. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान जरूर मांडा, तिथे माणसं असतात. पण पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्या, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने स्वतःकडे ठेवा. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोन ठिकाणी लिहून ठेवा. मी पुढची दोन वर्षं घालवून ही यादी उभी केली. आज नवा पॅटर्न निघाला की पहिल्या दोन दिवसांतली बहुतेक विक्री तिथूनच होते.

साइट कशावर बांधायची, पेमेंटची सोय कुणाची घ्यायची, हे मला खूप विचारतात आणि त्यावर मी फार वेळ घालवत नाही. आज तयार साधनं भरपूर आहेत, कुठलंही बऱ्यापैकी चालतं. ऑनलाइन दुकान उभारायला वापरतात त्या शॉपिफायचीच गोष्ट बघा. टोबी लुटके आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ मध्ये स्नोबोर्ड विकायचं ऑनलाइन दुकान काढलं, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून स्वतः लिहिलं, आणि २००६ मध्ये तेच सॉफ्टवेअर इतरांना द्यायला लागले. स्वतः दुकान चालवल्याशिवाय त्यांना ती अडचण दिसली नसती. तुम्हीही आधी काहीतरी विका. कुठल्या साधनावाचून अडतंय, ते मग तुमचं तुम्हालाच कळेल.

कालच एक मेल आलाय. खांद्याचं ऑपरेशन झालंय, हात वर जात नाही, डोक्यावरून काही घालता येत नाही, गळ्यापासून मनगटापर्यंत उघडणारी बाही असलेला पॅटर्न आहे का? माझ्याकडे नाही. त्यांना तसं कळवलं आणि विचारलं की बटणं एका हाताने लावता येतील की वेल्क्रो लागेल. आज सकाळपासून टेबलावर कागद अंथरलाय. बाहीची शिवण खांद्यावर उघडी ठेवायची तर माया किती धरावी, तेवढं अजून ठरत नाहीये.