नकाशा लंडनला, घर बेलापूरला

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आपल्या कामाचा संग्रह, म्हणजे हजारो नकाशे, रेखाटनं आणि प्रतिकृती, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला देऊन टाकला. २०१३ साली तिथे त्याचं मोठं प्रदर्शनही भरलं. म्हणजे त्यांनीच आखलेल्या आमच्या नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीचे कागद तिकडे नीट जपलेले, आणि घरं इकडे पारसिकच्या डोंगराखाली दर पावसाळ्यात निळी ताडपत्री पांघरून उभी!

मी नेरूळला राहतो. रविवारी सकाळी उगाच त्या बाजूला चक्कर मारायची सवय आहे. आर्किटेक्चरच्या मुलांचा एखादा घोळका हमखास भेटतो. हातात टेप, गळ्यात कॅमेरा आणि तोंडी एकच प्रश्न, “ओरिजिनल घर कुठलं?”

प्रश्न बरोबरच आहे, पण पत्ता चुकलाय. १९८३ ते ८६ या काळात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ही वसाहत उभी राहिली. सात घरांत एक अंगण, अशी तीन अंगणं मिळून एक मोठी मोकळी जागा, आणि पुढे तसंच वाढत जाणारं गणित. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कुणी फार मोठा नाही, कुणी फार लहान नाही. यातली खरी हुशारी म्हणजे कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागलेली नाही. उद्या खोली काढायची झाली तर शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘बघा हं, जमेल का’ असं विचारायला नको. घर वाढणार हे कोरियांनी आधीच धरून ठेवलं होतं. लोकांनी त्यांचा शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. उतरती कौलं गेली, स्लॅब आला, स्लॅबवर मजला, मजल्यावर पत्र्याची शेड आणि शेडच्या शेजारी पाण्याची काळी टाकी.

त्या मुलांना एक काकू म्हणाल्या, “आमच्या जुन्या घराचे कसले फोटो काढता? समोरचं बघा, मार्बल लावलंय.” मुलं कानकोंडी झाली. मला मात्र काकूंचं पटलं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात कोथरूडच्या वाड्याचे अवशेष जोडून मस्तानी महाल उभा केला आहे. तिथली दारं-खिडक्या मी कितीही वेळ बघत बसेन. पण त्या वाड्यात नंतर कुणी कुठे मोरी काढली, कुठली खिडकी बुजवली, हे त्यात कुठून असणार? लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयाने तर २०१७ साली रॉबिन हूड गार्डन्स या पाडल्या जाणाऱ्या सरकारी वसाहतीचा तीन मजली तुकडाच उचलून आणला. वसाहत १९७२ची, म्हणजे आमच्या वाशीच्या जुन्या इमारतींच्या जवळपासच्या वयाची. संग्रहालयांना घराचं बारसं प्रिय असतं. मला त्याचा संसार बघायला आवडतो.

आणि नवी मुंबईतला संसार बघायचा तर तो बॉक्स ग्रिलमध्ये. सिडकोने खिडकी दिली, लोकांनी तिला लोखंडी पोट काढलं. त्यात तुळस, कांद्यांची टोपली, गेल्या वर्षीचं मखर, बिनहँडलची सायकल. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरने वेल्डिंग करून काढलेला उगवता सूर्य, त्याच्या किरणांना पिवळा ऑइलपेंट. हे डिझाइन कुणी काढलं, कुठून कुठे गेलं, कुणाकडे नोंद नाही. आता जुन्या इमारती एकामागून एक रिडेव्हलपमेंटला जाताहेत. टॉवरच्या सरकत्या काचांना बाहेरून ग्रिल चालत नाही, त्यामुळे हे सूर्य सरळ भंगारात. मला कुणी संग्रहालय काढायला दिलं, तर पहिली वस्तू हीच ठेवीन, आतल्या कांद्यांसकट.

काकूंच्याही खिडकीला तसा सूर्य आहे. मुलगा यंदा वरचा मजला नव्याने बांधतोय, तेव्हा ग्रिल निघणार. “मला द्याल का?” मी विचारलं.

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “न्या की. पण कापायची मजुरी तुमची. आणि भंगारवाला किलोने देतो, तेवढे तर द्याल ना?”