आमची वाटचाल : खांबामागच्या बूथपासून

२०१२ मध्ये कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत आम्ही दोघी मैत्रिणींनी जपानी दुभाषी म्हणून काम सुरू केलं. पहिली दोन वर्षं चाकणच्या कारखान्यांत गेली. जपानी इंजिनिअर आणि आपला फोरमन समोरासमोर, आम्ही मध्ये. एक जण बोलून थांबला की आम्ही सांगायचं. समोरच्याचा चेहरा दिसतोय, याचं कौतुक तेव्हा वाटायचं कारणच नव्हतं.

मग बूथचं, म्हणजे सभागृहातल्या दुभाष्यांच्या छोट्या केबिनमधलं, पहिलं काम आलं. जपानी भाषण चालू असतानाच हेडफोन लावून इंग्रजीत बोलत राहायचं. आयोजकांनी आमचा बूथ ठेवला तो नेमका खांबामागे. “ऐकू येतंय ना? मग झालं!”

ऐकू उत्तम येत होतं. पण जपानीत मराठीसारखंच क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेपटाला. इंग्रजीत मात्र होय की नाही हे आधीच सांगून टाकावं लागतं. (मराठीत सांगायचं असतं तर वाचले असते!) मुदतवाढीचा विषय निघाला आणि सूर गोड वाटला म्हणून मी ‘देऊ शकतो’ म्हणून मोकळी झाले. वाक्य संपलं ते ‘देकिमासेन’वर, म्हणजे जमणार नाही. बोलणाऱ्या जपानी पाहुण्यांनी त्याआधीच तोंडासमोर हात हलवून नकार दिला होता. सभागृहाने तो पाहिला, मी सोडून.

नाझी नेत्यांवरच्या १९४५ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात दुभाष्यांना आरोपींच्या शेजारीच काचेआड बसवलं होतं. हे पुढे वाचलं तेव्हा तो खांब पुन्हा आठवला.

२०२० मध्ये सगळं झूमवर गेलं. कॅमेरे बंद, नुसते आवाज. वक्ता दिसला नाही तरी अचूकता फारशी घटत नाही, असे प्रयोगांचे निष्कर्षही आहेत. असतील. पण आमचा अनुभव दमणुकीचा. बूथमध्ये अर्ध्या तासाने पाळी बदलणाऱ्या आम्ही तेव्हा पंधरा मिनिटांतच एकमेकींना खुणावायला लागलो. त्यात वक्ता “हा आकडा बघा” म्हणाला आणि स्लाइड आलेलीच नसली, की संपलंच.

आता आम्ही सात जण आहोत. बूथमधून वक्ता आणि पडदा दोन्ही दिसले पाहिजेत, अशी ओळ कोटेशनमध्ये असते. तिच्यापायी दोन कामं हातची गेली. मागच्या महिन्यात बूथ जागेवर होता, पण माइकसमोर फुलांची भलीमोठी आरास. भाषण सुरू व्हायला दोन मिनिटं असताना मैत्रिणीने जाऊन ती उचलून खाली ठेवली. सजावटवाले काका अजून आमच्याशी बोलत नाहीत.