बेळगावात ‘शेजारी कोण चालेल?’ असं विचारायचं तर

सीमावादाचा भडका उडाला की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी सर्वेक्षणाची टूम काढतं. ‘बाहेरून आलेल्यांबद्दल लोकांचं मत काय?’ कधी कॉलेजचा प्रकल्प असतो, कधी स्वयंसेवी संस्था, कधी पुण्या-बंगळूरहून आलेलं पथक. प्रश्नावली तिकडेच तयार झालेली असते आणि बेळगावात आल्यावर पहिल्याच प्रश्नाला अडखळते, कारण इथे बाहेरचा कोण, हेच कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरं आहे.

चंदगडचं उदाहरण घ्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेवढा हा तालुका मागे राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. आज चंदगडचा माणूस कागदोपत्री परराज्यातला. पण त्याचा बाजार बेळगाव, दवाखाना बेळगाव, निम्मे पाहुणे बेळगावात. उलट चामराजनगरहून बदलून आलेला कारकून राज्यातलाच, तरी खडेबाजारात तोच नवखा. जनगणनेची गंमत याहून पुढची. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित निघाले, पण त्यांतले परराज्यातून आलेले साधारण साडेपाच कोटीच, आणि एकूण स्थलांतरितांत लग्न करून सासरी गेलेल्या बायकांचा वाटा सगळ्यांत मोठा. कागलहून निपाणीला नांदायला आलेली सून म्हणजे आंतरराज्य स्थलांतरित! हा आकडा घेऊन ‘सीमाभागात परप्रांतीयांचा लोंढा’ असा मथळा दिला, तर त्यात निम्म्या आपल्याच वहिन्या असायच्या.

म्हणून प्रश्नात ‘परप्रांतीय’ हा मोघम शब्द टाळावा आणि माणूस कामानिशी, गावानिशी समोर उभा करावा: उद्यमबागच्या फौंड्रीत मोल्डिंग करणारा बिहारचा कामगार, ऊसतोडीला आलेलं बीडचं जोडपं, राजस्थानी दुकानदार, मैसूरकडून बदलीवर आलेला अधिकारी, दुसऱ्या राज्यातून शिकायला आलेला इंजिनिअरिंगचा पोरगा. पाचांना पाच वेगळी उत्तरं येतात. सरासरी काढली की पाचही हरवतात.

यापेक्षा मोठी गफलत पुढे आहे. ‘सरकारी परिपत्रकं मराठीत मिळावीत का?’ या प्रश्नाला शहापुरातला म्हातारा ठासून ‘होय’ म्हणतो. पाटीवर कन्नड ६० टक्के हवी, हा कर्नाटकाचा नियम पटतो का, यावर तितक्याच जोरात ‘नाही’. विश्लेषक ही दोन्ही उत्तरं ‘भाषिक असहिष्णुता’ नावाच्या निर्देशांकात घालून मोकळा होतो. पण त्याच म्हाताऱ्याचा भाडेकरू कन्नड शाळामास्तर असतो आणि घराची किल्ली त्याच्याकडे ठेवून म्हातारा पंढरपूरला जातो. त्याची तक्रार राज्याशी आहे, शेजाऱ्याशी नाही. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्के वा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हा देशपातळीवर मान्य झालेला जुना संकेत आहे. घटनेचं ३५०-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगतं. ते मागणं म्हणजे द्वेष नव्हे. माझ्या मते प्रश्नावलीचे तीन गट अगदी वेगळे ठेवले पाहिजेत: राज्ययंत्रणेबद्दलचे, दुसऱ्या भाषेच्या शेजाऱ्याबद्दलचे आणि पोटासाठी आलेल्या कामगाराबद्दलचे. तिन्ही एकत्र करून क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का हे सांगणारा आकडा, काढून पाहा. तो ०.७ च्या खाली आला, तर बेरीज करायचा तुम्हाला अधिकारच नाही. वर आला तरी हुरळू नका. प्रश्न भरपूर असले की अल्फा आपोआप फुगतो.

शेजाऱ्याच्या गटासाठी सगळे बोगार्डसची सामाजिक अंतराची मोजपट्टी उचलतात. १९२५ ची, अमेरिकेतली. लग्नसंबंध, मित्रमंडळ, गल्लीतला शेजार, कामावरचा सहकारी, देशाचं नागरिकत्व, नुसता पाहुणा, आणि शेवटी देशातच नको, अशा सात पायऱ्या. गृहीत असं की जो वरची पायरी मान्य करतो, तो खालच्या सगळ्या मान्य करतो. इथे ती पट्टी दोन जागी मोडते. नागरिकत्वाची पायरी देशातल्या देशात फिरणाऱ्याला लागूच होत नाही. तिच्या जागी ‘तुमच्या वॉर्डात त्याचं मतदार यादीत नाव लागलं तर चालेल का’ असं विचारावं. आणि लग्न इथे भाषेपेक्षा जातीवर ठरतं. मराठी बोलणारं लिंगायत घर कन्नड लिंगायत घराशी सोयरीक करतं, जैनांत तर कोल्हापूर-सांगली-बेळगाव हा लग्नांचा एकच पट्टा आहे. तोच माणूस आपल्याच गल्लीतल्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या जातीच्या घरात मुलगी देणार नाही. म्हणजे ‘कन्नड माणसाशी लग्न चालेल?’ या प्रश्नाचं उत्तर जात न सांगता घेतलं, तर तुम्ही भाषेच्या नावाखाली जात मोजता. लग्नाची पायरी एक तर काढून टाका, नाही तर ‘तुमच्याच जातीतलं, पण घरात कन्नड बोलणारं’ असं स्पष्ट विचारा. नंतर पायऱ्यांचा क्रम टिकतो का, ते गटमनच्या पुनरुत्पादन गुणांकाने (किती उत्तरं शिडीच्या क्रमात बसतात, त्याचं प्रमाण) तपासा, ०.९० च्या खाली असेल तर ती शिडी नव्हे, सुट्या पायऱ्या आहेत.

नमुना. सगळे ३८४ मुलाखती हा आकडा पाठ करून येतात: ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक. तो आकडा साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे, म्हणजे सगळ्या शहरातून एकेक माणूस चिठ्ठी टाकून निवडला तर. तुम्ही मात्र मतदानाचे बूथ निवडून त्यात घरं घेता, आणि या शहरात वस्त्या भाषेनुसार बसलेल्या. एका गल्लीतली वीस घरं वीस वेगळी मतं देत नाहीत. याचा हिशेब सोपा आहे: एका बूथमधल्या घरांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला उत्तरांतल्या आपसातल्या साम्याने (० ते १ मध्ये मोजलेल्या) गुणा, एक मिळवा. येईल त्याने एकूण नमुन्याला भागा. साम्य ०.१५ धरलं, तर ४० बूथ गुणिले २० घरं या ८०० मुलाखतींची खरी किंमत उरते सुमारे २०८ साध्या यादृच्छिक मुलाखतींएवढी. तेच ८० बूथ गुणिले १० घरं केले, तर ८०० मुलाखतींना ३४० ची किंमत येते. पेट्रोल जास्त जातं, पण मुलाखतींची संख्या तीच. भाषेच्या विषयाला साम्य ०.०५ धरणारे स्वतःची फसवणूक करतात.

मतदार यादीवरून नमुना काढला की ज्यांच्याबद्दल विचारायचं ते स्थलांतरित त्यात नसतातच. त्यांचं मत हवं असेल, तर कारखान्यांच्या खोल्या आणि ऊसतोडीचे तळ यांची वेगळी यादी करावी लागते. घरात गेल्यावर जो दार उघडेल त्याला विचारायचं नाही. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला तो निवडावा, आणि तो शिफ्टला गेला असेल तर रात्री आठनंतर किंवा सुट्टीला परत जावं. किमान तीन फेऱ्या. दुपारच्या मुलाखतींत म्हातारी माणसं आणि गृहिणीच भरतात. कट्ट्यावर घेतलेली मुलाखत तर बादच धरा. चार जण जमले की उत्तर एकाचं नसतं, कट्ट्याचं असतं.

विचारणारा कोण, हा इथला सगळ्यांत नाजूक भाग. मराठीत ‘नमस्कार काका’ म्हणून सुरुवात केली की कन्नड शेजाऱ्याबद्दल एक उत्तर येतं. तीच मुलाखत कन्नडमधून झाली की दुसरं. घरात दखनी उर्दू बोलणारी कुटुंबं दोघांनाही जपून उत्तर देतात. यावर उपाय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालच्या पीक-पाहणीत रूढ केला होता: नमुन्याचे परस्परांत गुंफलेले उपनमुने करायचे, म्हणजे एकाच भागातली घरं दोन स्वतंत्र तुकड्यांत वाटायची, आणि प्रत्येक भागात वेगवेगळे पाहणीदार चिठ्ठ्या टाकून पाठवायचे. बेळगावात याचा अर्थ असा, की टिळकवाडीला मराठी मुलं आणि महांतेशनगरला कन्नड मुलं अशी ‘सोयीची’ वाटणी करायची नाही. पाहणीदार दोन्ही भाषा बोलणारे घ्या, मुलाखतीची भाषा उत्तर देणाऱ्याला निवडू द्या, आणि पाहणीदाराची मातृभाषा प्रत्येक फॉर्मवर नोंदवा. शेवटी दोन उपनमुन्यांतला फरक काढा. तो फरक प्रसिद्ध करायची लाज वाटू नये. माझ्यासारख्या वाचकाला बहुतेकदा मुख्य निष्कर्षापेक्षा तोच जास्त शिकवतो. आणि फॉर्म टॅबवर ठेवा. हातातला छापील कागद कुठल्या लिपीत आहे, हे समोरचा माणूस तुमच्या तोंडाआधी वाचतो.

वेळ चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही फुकट. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिन. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन. २०२२ च्या डिसेंबरात वाहनांवर दगडफेक झाली, २०२५ च्या फेब्रुवारीत बसवाहकाला झालेल्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस बंद राहिल्या. अशा पंधरवड्यात मोजलेलं मत हे त्या पंधरवड्याचंच असतं. पण ऊसतोड कामगार भेटतात ते गाळप हंगामातच. म्हणून संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीअखेर ही त्यातल्या त्यात बरी खिडकी, आणि मध्ये काही घडलं तर काम थांबवून तारीख नोंदवायची.

थेट विचारून खोटं उत्तर येईल अशी शंका असलेल्या एखाद-दुसऱ्या प्रश्नाला यादीची युक्ती वापरता येते. अर्ध्या लोकांना चार साधी विधानं द्या, उरलेल्यांना तीच चार आणि पाचवं ‘बिहारी कामगाराला खोली भाड्याने देणार नाही’. कुठली पटतात ते विचारायचं नाही, फक्त किती पटतात ते. समजा पहिल्या गटाची सरासरी १.९ आणि दुसऱ्याची २.३ आली, तर ४० टक्क्यांना पाचवं विधान पटलं. मात्र प्रत्येक गटात किमान चारशे माणसं लागतात, आणि चारही साधी विधानं सगळ्यांनाच पटणारी ठेवली तर युक्ती उघडी पडते: ‘पाच’ म्हणणाऱ्याचं गुपित राहतच नाही.

प्रश्नावलीत एक उलटा प्रश्न, ज्यात ‘होय’चा अर्थ बाकीच्या प्रश्नांच्या उलट होतो असा, हमखास घाला, म्हणजे संकेतांक उलटे पडले तर लक्षात येतं. २०१३ साली जगाचा एक नकाशा खूप फिरला होता. जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या ‘वेगळ्या वंशाचा शेजारी नको’ या प्रश्नावर आधारलेला. भारत त्यात ४० टक्क्यांच्या वर होता, तर बांगलादेश आणि हाँगकाँग ७० च्या पुढे. नंतर कळलं, की त्या दोघांच्या आकड्यांत ‘सांगितलं’ (असा शेजारी नको म्हटलं) आणि ‘नाही सांगितलं’ यांचे संकेतांक उलटे पडले होते. बेळगावच्या फॉर्मवर ही चूक आणखी सोपी आहे, कारण मराठी आणि कन्नड आवृत्तीत पर्यायांचा क्रम वेगळा लागला, तर भाषांमधला फरक म्हणून मांडणीचाच फरक बाहेर येतो. भाषांतर दोघांनी स्वतंत्र करावं, तिसऱ्याने जुळवावं, आणि पर्यायांना फॉर्म टॅबवर चढवण्याआधीच क्रमांक द्यावेत.

निकाल लिहिताना ज्या उपगटात पन्नासपेक्षा कमी माणसं आहेत, त्याची टक्केवारी देऊ नका, आणि गावाचं नाव तर मुळीच नको. खानापूर तालुक्यातल्या छोट्या गावात दुसऱ्या भाषेची पाच घरं असतात. गावाचं नाव छापलं, की ती पाच घरं कोणती, हे गावाला पेपर येण्याआधीच माहीत असतं.